तीन वाडग्यांचं म्हातारपण

खांबेट्यांच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. दीनानाथांचे आजोबा सख्ख्या भावाला ‘चुकलं’ म्हणायला नको म्हणून गुहागर सोडून थेट नागपूरला जाऊन राहिले, आणि तिथल्या उन्हाने टक्कल पडलं तरी परतले नाहीत. वडिलांनी बायकोची समजूत काढायला नको म्हणून बासरी शिकायला घेतली. ती ते इतकी वाईट वाजवत की शेवटी दीनानाथांच्या आईनेच हात जोडले. तेव्हा फेब्रुवारीतल्या त्या सकाळी, जर्मनीतल्या एश्बॉर्नला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, सत्त्याहत्तर वर्षांच्या दीनानाथांनी माफी मागण्याऐवजी सरळ म्हातारं व्हायचं ठरवलं, यात घराण्याला सोडून काहीच झालं नाही.

माफी बायकोची, यमुनाबाईंची मागायची होती. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, ह्याच दिवाणखान्यात, दीनानाथांनी केक सुकेपर्यंत भाषण केलं होतं. त्यात त्यांनी ऑफिसातल्या साहेबांचे आभार मानले, दाताच्या डॉक्टरांचे मानले, बावीस वर्षं साथ दिलेल्या स्कूटरचे तर दोनदा मानले, आणि खाली बसले. यमुनाबाई उठल्या, पेढ्यांचा डबा काखेत मारला आणि लेकीला म्हणाल्या, “मीनल, गाडी काढ.” तेव्हापासून त्या मीनलकडे बॉनला, दीनानाथ मुलाकडे एश्बॉर्नला, आणि मध्ये अख्खी ऱ्हाइन नदी. पुढच्या आठवड्यात दोघांची पुण्याची तिकिटं होती. यमुनाबाईंनी निरोप पाठवला होता की ह्यांनी आपलं जावं; मी इथे आणखी राहीन, आणि मग थेट साताऱ्याला भावाकडे जाईन. पुण्याच्या घराची किल्लीही त्यांनी पाकिटात घालून पाठवली होती.

म्हणून त्या दिवशी सकाळपासून सुनेचं, लताचं सगळं लक्ष दाराकडे होतं. सणाच्या निमित्ताने सासूबाई बॉनहून जेवायला येणार होत्या.

सण मात्र आपला नव्हता. कोरियन नवं वर्ष होतं, सोल्लाल. लताची मुलगी स्वानंदी ज्याला दिली तो जुनहो कामासाठी सोलला गेलेला, आणि त्याची आजी सणाला एकटी पडेल म्हणून स्वानंदी तिला घेऊन माहेरी आली होती. मालसूनआजी तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आली आणि आयुष्यभर धिप्पाड जर्मन रुग्णांना दटावून दटावून तिने असा आवाज कमावला होता की ती सकाळच्या नमस्काराचं ‘गुटन मॉर्गन’ म्हणाली तरी माणूस जीभ बाहेर काढून दाखवायचा. येताना तिने स्वतःचं पातेलं आणलं होतं, गेलेल्या नवऱ्याचा फोटो आणला होता, आणि तांदळाच्या उकडीच्या हातभर लांब पांढऱ्याशुभ्र कांड्या. त्या कांड्या ती तिरक्या कापत होती.

“लसूण नको, लाल तिखट नको,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “आधी पान माझ्या नवऱ्यासमोर ठेवायचं. लसणीने आणि तिखटाने पितर पळून जातात.”

“नशीबवान आहात,” लता बाहेरच्या खोलीकडे बघत म्हणाली. “आमच्याकडे लसणीने जिवंत माणसंसुद्धा हलत नाहीत.”

बाहेरच्या खोलीत दीनानाथ मोठ्याने पंचांग वाचत होते. सून घरात असताना मनातल्या मनात वाचणं त्यांना असभ्य वाटे. लताची अडचण साधी होती. सासरे पुण्याला एकटे गेले तर दर तासाला फोन करून ‘मीठ कुठे असतं’ हे विचारणार, आणि नाही गेले तर समोर बसून विचारणार. तिला सासूबाई हव्या होत्या, त्यासाठी कोरियाचे पितर जरी मध्ये घालावे लागले तरी तिची तयारी होती.

फोटोसमोर पान वाढलं गेलं. पाण्यातून काढलेल्या भाज्या, भोपळ्याच्या चकत्यांची धिरडी, पेअरची फळं, आणि लताच्या हट्टाने एक पुरणपोळी. मालसूनआजीने फोटोतल्या माणसाला पोळीबद्दल दोन वाक्यं समजावून सांगितली. तो खाईपर्यंत सगळे उभे राहिले. पोळीचा काठ थोडा कमी झाला असं लता आजही शपथेवर सांगते. तिचा नवरा प्रताप म्हणतो की तो आधीपासून तसाच होता.

मग जिवंत माणसांचे वाडगे आले. त्तॉकगुक, म्हणजे त्या कांड्यांच्या चकत्यांचं सूप. दीनानाथांसाठी मांस-अंडं काही न घालता, मश्रूम आणि समुद्रातल्या शेवाळाच्या पाण्यात केलेलं, त्यात त्या उकडीच्या चकत्या पौर्णिमेच्या चंद्रासारख्या तरंगत होत्या.

“हे काय, मोदक करायचे राहिले वाटतं?” दीनानाथ म्हणाले.

“आजोबा, हे खाल्लं की एक वर्षाने मोठं होतो आपण,” स्वानंदी म्हणाली. ती बोलताना निम्मी मराठी आणि निम्मी जर्मन असायची, आणि थकली की पूर्ण जर्मन. “कोरियात सगळ्यांचा वाढदिवस आजच. सूप नाही खाल्लं तर वय नाही वाढत. लहान मुलं मुद्दाम दोन बोल खातात, लवकर मोठं व्हायला.”

दीनानाथांचा चमचा हवेत थांबला.

“म्हणजे वाडग्याला एक वर्ष?”

स्वानंदीने विचारलं. मालसूनआजीने मान हलवली. “गेनाऊ, बरोबर. आणि जन्माला येतो तेव्हाच एक वर्षाचे असतो. आईच्या पोटातलं फुकट कसं जाईल?”

हे भाषांतर होऊन कानात पोचलं आणि दीनानाथांच्या डोक्यात पन्नास वर्षांचा अकाउंट्सचा अनुभव कामाला लागला. सत्त्याहत्तर पूर्ण. पोटातलं एक, अठ्ठ्याहत्तर. तीन वाडगे, एक्याऐंशी. आणि एक्याऐंशीला काय असतं? सहस्रचंद्रदर्शन! हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा सोहळा. त्यात नवरा एका पाटावर, बायको शेजारच्या पाटावर, आणि संपूर्ण विधीभर तिने त्याच्या उजव्या हाताला हात लावून बसायचं. नाही म्हणायची सोय नाही; शास्त्र आहे. एकदा का यमुनेचा हात आपल्या हाताला लागला की पुढचं आपोआप होईल, एकही शब्द खर्च न करता.

“सहस्रचंद्रदर्शन करायचंय. वाढ,” ते म्हणाले.

पहिला वाडगा त्यांनी सावकाश खाल्ला. वाडगा खाली ठेवला तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आता हे कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण स्वानंदीने सकाळीच त्यांचा फोटो काढला होता आणि त्यात भुवया स्वच्छ काळ्या आहेत. 

“बाबा, तुम्ही भुवयांना रंग लावत होतात का?” प्रतापने विचारलं.

“छे! काळ आला की पिकायच्याच. दुसरा आण.”

दुसऱ्या वाडग्याला गुडघा बोलला. साधासुधा नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडूचा दांडा ठोकला इतका. दीनानाथांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरलं. त्यांनी लताला एकेकाळच्या शेजारणीच्या नावाने हाक मारली, मग दुरुस्त केली, आणि “बघ, विसरायला लागलो,” असं कौतुकाने म्हणाले.

प्रतापला हे सहन होईना. तो इंजिनियर. वीस वर्षं त्याने गिअरबॉक्सच्या चाचण्या घेतलेल्या. त्याने फोन काढून शोधाशोध केली आणि विजयाने टेबलावर आपटला.

“आल्झो, तर मग, ऐका! कोरियन सरकारने ही पद्धतच बंद केलीय. कायदा केलाय. आता जगासारखंच वय मोजतात. पोटातलं वर्ष रद्द, सुपाचंही रद्द!”

स्वानंदीने हे आजीला सांगितलं. मालसूनआजीने पळी पातेल्याच्या काठावर झटकली.

“सरकारने कायदा बदलला. सूप कुठे बदललं?”

“वा!” दीनानाथ म्हणाले. त्यांना भाषांतराचीही गरज पडली नव्हती. “बाई खानदानी आहे. तिसरा.”

“बाबा, पुरे. तुम्हाला शुगर आहे, हा सगळा तांदूळ आहे.”

“ती सत्त्याहत्तराव्या वर्षाची शुगर होती.”

“आणि तुम्ही सगळे गप्प काय बसलात?” प्रताप बायकोकडे वळला. “लता, तू तरी सांग ना!”

लता काही सांगणार नव्हती. सोहळा म्हणजे सासूबाई शेजारी बसणार, हे तिनेही ताडलं होतं. ती आतून दोन योगा मॅट घेऊन आली, कारण जर्मनीत पाट मिळत नाहीत, आणि त्या दिवाणखान्यात शेजारी शेजारी अंथरू लागली. प्रतापने पाहिलं की आपण एकटे पडलो. 

तिसऱ्या वाडग्यानंतर दीनानाथांची उंची कमी झाली. विजार घोट्यांवर गोळा झाली, कवळी बोलताना स्वतंत्रपणे हलू लागली. प्रतापने शेवटचा पुरावा म्हणून त्यांचा फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला, चेहरा ओळखून उघडणारा. फोनने बघितलं. पुन्हा बघितलं. आणि कुलूप लावून बसला. कुणा अनोळखी म्हाताऱ्याला उघडून द्यायला तो तयार नव्हता. प्रताप खुर्चीत बसला. गिअरबॉक्सने त्याला असं कधी केलं नव्हतं.

“पण हे कोण मानणार?” तो क्षीणपणे म्हणाला. “पक्कं काय आहे?”

ते पक्कं मालसूनआजीने केलं. सोल्लालला धाकट्यांनी वडीलधाऱ्यांना जमिनीवर वाकून नमस्कार करायचा असतो. आजवर ज्या ज्या घरात ती गेली त्या घरात सगळ्यात मोठी तीच असे. तिने बोटांवर मोजलं: स्वतः एक वाडगा खाऊन ऐंशी, समोरचे एक्याऐंशी. तिने ओठ घट्ट मिटले, रेशमी झगा आवरला, हात कपाळाशी नेले आणि दीनानाथांसमोर हळूहळू, पण पूर्ण, जमिनीपर्यंत वाकली. 

 चांगली ऐंशी वर्षांची बाई ज्याच्यापुढे वाकते तो एक्याऐंशीचा नसेल तर कोण असेल? दीनानाथांनी हात उचलून “अष्टपुत्रा सौभाग्यवती भव” असा आशीर्वाद दिला. स्वानंदीने त्याचं भाषांतर ‘तब्येतीला जपा’ असं केलं.

तेवढ्यात बेल वाजली.

मीनल आईला घेऊन आली होती, पण मनाने ती बॉनहून निघालीच नव्हती. आई आल्यापासून तिच्या घरात रोज घडीच्या पोळ्या होत होत्या आणि नीलने, तिच्या मुलाने, पहिल्यांदाच वरणाला ‘लेकर’, म्हणजे चविष्ट, म्हटलं होतं. परदेशी लोकांच्या कचेरीत आईचा व्हिसा वाढवायचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, तिने मिळवला होता. तो मिळवायला काय कष्ट पडतात ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. तिने ठरवलं होतं, आत जायचं, सूप प्यायचं, बाबांना नमस्कार करायचा आणि आईसकट परत फिरायचं.

दारातच तिने वडिलांना पाहिलं आणि किंचाळली. “बाबा! अरे प्रताप, काय केलंस तू ह्यांचं?”

“मी काही केलं नाही, ताई. त्यांनी खाल्लं.”

 यमुनाबाईंनी कोट काढला, बूट काढले, मोजे सारखे केले. मग नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं भाजीवाल्याने गळ्यात मारलेला दुधी पाहतात. गाडीत त्या सबंध वाट मनाशी घोकत होत्या की आपण त्यांच्याकडे बघायचंच नाही. पण हे इतके वाळलेले कसे? कॉलर मानेभोवती उभी होती आणि मान आत फिरत होती. ती कॉलर सारखी करायला त्यांचा हात पुढे झाला, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

लताने भराभर सगळं सांगितलं. वाडगे, वर्षं, नमस्कार, सोहळा. “आणि आई, मॅटसुद्धा घातल्यात. तुम्ही फक्त ह्या उजव्या मॅटवर बसायचं.”

“आई कुठेही बसणार नाही,” मीनल म्हणाली. “सोमवारी टर्मिन आहे आमचा.”

“ताई, तुम्हाला पोळ्या हव्यात ते सांगा ना सरळ.”

“आणि तुला बाबा नकोत ते तू सांग!”

“मीनल, लता,” यमुनाबाई म्हणाल्या.  त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या, मॅटपासून लांब. “हे एक्याऐंशीचे झाले म्हणता?”

“पोटातलं धरून,” दीनानाथ म्हणाले. पन्नासाव्या वाढदिवसानंतर तिच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

“मग मला बसता येणार नाही.”

“का? शास्त्र आहे.”

“माझ्या वडिलांनी चार वर्षांनी मोठा मुलगा बघितला होता. पाच वर्षांनी मोठा एक आला होता सांगलीचा, डॉक्टर होता, चांगला होता, पण अण्णा म्हणाले, चारच्या वर अंतर नको. पोटातलं वर्ष धरून मी चौऱ्याहत्तर. तुम्ही एक्याऐंशी. सात वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्याशी माझं लग्न झालेलं नाही. ह्या गृहस्थांना मी ओळखत नाही.”

हे इतकं बिनतोड होतं की प्रतापने नकळत मान हलवली. मीनलने पर्स खांद्याला लावली.  दीनानाथांच्या हिशेबात पहिल्यांदाच चूक निघाली होती. त्यांनी सगळं स्वतःच्या खात्यात जमा धरलं होतं आणि दुसरी बाजू लिहायलाच विसरले होते.

“ह्यावर उपाय?” लताने स्वानंदीमार्फत मालसूनआजीला विचारलं. “वर्षं परत काढता येतात?”

“नाइन, नाही,” मालसूनआजी म्हणाली. “असं सूप नाही. असतं तर मी त्याचं दुकान काढलं असतं.” मग पातेल्यात डोकावली. “पण अजून तीन वाडगे होतील. हाल्मोनीला, ह्या आजीला, खाऊ दे. अंतर पुन्हा चार.”

सगळे यमुनाबाईंकडे वळले.

यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या काय शोधत होत्या ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी हात पुढे केला. “वाढा.”

“आई!” मीनल म्हणाली.

“वाढा म्हटलं ना. एकदाचं होऊन जाऊ दे. तिथे साताऱ्यात तरी मी कुठे तरुण राहणार होते.”

वाडगा समोर आला. वाफ निघत होती. यमुनाबाईंनी चमच्यात एक पांढरी चकती घेतली, फुंकली. 

दीनानाथ बघत होते. त्यांना त्या चमच्यात तिचे गुडघे दिसले, जे जिना उतरताना अजून तिला साथ द्यायचे. तिच्या भुवया दिसल्या, तिच्या काळ्याभोर भुवया, ज्यांना कधी रंग लागला नव्हता. घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा, प्रत्येक नातवाचा वाढदिवस तिच्या डोक्यात होता. एका वाडग्याने त्यातलं काय काय जाईल? त्यांच्या नावापासून सुरुवात झाली तर? चमचा ओठांपाशी गेला.

“नको!”

ते उठले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस इतक्या चपळाईने उठतो हे कुणी पाहिलेलं नव्हतं. विजारीत पाय अडकत, दोन्ही योगा मॅट तुडवत ते टेबलापाशी आले आणि त्यांनी उजवा हात सरळ वाडग्यावर झाकण ठेवावा तसा ठेवला. सूप कढत होतं. हात काढला नाही.

“खाऊ नकोस. तू नको होऊस म्हातारी. मी झालो तेवढं बास आहे.”

“हात काढा, भाजेल.”

“चुकलो मी.”

घराण्यात हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. नागपुरात आजोबांना, असतील तिथे, ठसका लागला असणार. खालच्या बाईंनी काही कारण नसताना झाडूचा दांडा ठोकला.

“काय म्हणालात?” यमुनाबाई म्हणाल्या.

“चुकलो. सगळ्यांची नावं घेतली आणि तुझं घेतलं नाही. मला वाटलं... आपण स्वतःचे आभार कुठे मानतो? तसं धरून चाललो मी. चुकलो, यमुना.”

“बाबा, हात!” प्रताप ओरडला आणि थंड पाण्याचं भांडं आणायला धावला. मालसूनआजी त्याच्याही आधी पोचली. तिने दीनानाथांचं मनगट पकडून हात पाण्यात बुडवला आणि त्यांना जर्मनमध्ये असं काही दटावलं की त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली.

यमुनाबाई उठल्या. त्यांनी तो हात पाण्यातून काढला, उलटा-पालटा करून पाहिला, पदराने हळूहळू टिपला आणि सोडला नाही. खुर्चीत परत बसल्या तेव्हाही डाव्या हाताने तो धरलेला होता, त्यामुळे दीनानाथांना शेजारची खुर्ची घ्यावी लागली. मॅटवर कुणीच बसलं नाही.

मीनलने पर्स खांद्यावरून काढली. “म्हणजे टर्मिन रद्द करायचा का मी?”

 यमुनाबाईंनी उजव्या हाताने चमचा उचलला आणि सूप खायला सुरुवात केली.

“अगं!” दीनानाथ म्हणाले. “आता कशाला खातेस?”

“भूक लागलीय. सकाळी निघाल्यापासून तुमच्या लेकीने रस्त्यात पाण्याशिवाय काही दिलं नाही.” त्या शांतपणे खात राहिल्या. चकती चावून बघितली. “चांगलं लागतं. मिरं थोडं हवं होतं.”

अर्धा वाडगा संपला. दीनानाथ तिच्या भुवयांवर डोळे लावून बसले होते. एक केस, फक्त एक, टोकाशी पांढरा झाला. तो त्यांनी बघितला आणि कुणाला सांगितला नाही.

“पुढच्या आठवड्यात,” यमुनाबाई वाडगा खाली ठेवत म्हणाल्या, “विमानात खिडकीची जागा माझी. आणि तुम्ही सबंध वाट बोलायचं नाही.”